टॉर्चमधली अक्षत

आमच्या लॅबचं मशीन माझ्याच हातानं पेटतं, असं मी येईल-जाईल त्याला सांगत असे. आणि खोटं काय त्यात? पाण्यात शिसं किती, आर्सेनिक किती, ते सांगणारं हे मशीन. काचेच्या नळीतून, तिलाच टॉर्च म्हणतात, आर्गॉन वायू सोडायचा, ठिणगी पाडायची, की टोकाशी प्लाझ्माची ज्योत उभी राहते. नाही राहिली, तर दिल्लीहून इंजिनिअर येईपर्यंत मी दुरुस्त करून मोकळी झालेली असते.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडे उत्तरेत, गंगेवरच्या ब्रह्मा घाटावर राहिलेले मराठी. खंडेनवमीला घरी पोथ्या पूजेला बसतात, तसा मी लॅबमध्ये टॉर्च काढून, धुऊन पाटावर मांडते. त्या वर्षी मला जास्तच उत्साह. टॉर्च जिथे बसतो त्या खोबणीवरही हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. आमचे अटेंडंट भैया, रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले, हळूच म्हणाले, "दीदी, मशीन पर फूल ही काफी है."

"भैया, पूजा हमें मत सिखाइए!" मी फटकारलं.

दसऱ्यानंतर त्यांनी खोबण पुसून टॉर्च बसवला. मी बटण दाबलं. ठिणगी पडली, गुलाबीसं लुकलुकलं आणि विझलं. दहा वेळा तेच.

"टॉर्च किसने लगाया?" विभागप्रमुखांनी विचारलं. भैयांनी हात वर केला. झालं! त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला, आणि तो पेन्शनच्या कागदांबरोबर जाईल असं सगळ्यांसमोर सुनावलं. भैया मान खाली घालून उभे.

मी कामाला लागले. ठिणगी पडतेय म्हणजे वीज ठीक. पेटता पेटता विझतं म्हणजे आत बाहेरची हवा शिरतेय. कुकरची रिंग धड बसली नाही की शिट्टी होत नाही, तसलंच काहीतरी. सिलिंडरपासून एकेका जोडाला साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा नाही. उरली टॉर्चखालची रबरी रिंग. ती सोडवली. मागे अर्धी अक्षत, कुंकवानं लाल, ओलीनं फुगलेली.

खोलीत मी एकटी. बेसिन दोन पावलांवर. खरं सांगते, हात तिकडे वळला होता. नळ सोडला की माझं नाव शाबूत, आणि खुलासा भैयांच्या फाइलमध्ये. पण माझे वडील रामघाटावर वेदाची संथा द्यायचे. विद्यार्थी चुकला की त्यानं मोठ्यानं 'चुकलो' म्हणायचं, मगच पुढची ओळ. मी दाराआडून ते ऐकत वाढले.

अक्षत प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "सर, गलती मेरी है. भैया ने मना किया था."

त्यांनी अक्षतेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो कागद फाडला. मग रिंग बसवून बटण मी भैयांनाच दाबायला लावलं. पेटली! काय ज्योत होती, बाई!

दोष शोधला त्याचा मला अभिमान आहे. त्या टेबलापर्यंत चालत गेले त्याचा तर फारच. सांगायला लाज कसली?

पुढच्या खंडेनवमीला रिटायर झालेले भैया इस्त्रीचा कुर्ता घालून हजर. माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली.

"दीदी, पाँच दाने हैं. पूजा के बाद पाँचों वापस लेंगे."

सगळी लॅब हसली. पूजा झाल्यावर त्यांनी ते खरंच मोजून घेतले.