मी नीटनेटकं केलेलं वाक्य

"या लोकांना मन कुठलं हो? पोट असतं आणि दुखणं असतं." डॉक्टर म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं. सगळे हसले.

मीही हसले.

नातवंडांनो, त्या हसण्यापासूनच तुम्हाला सांगायला हवं.

ठाण्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात बैठक होती. मनोविश्लेषणाच्या एका परदेशी जर्नलमध्ये त्यांचा लेख येणार होता. असे लेख मानसोपचार करणारे वाचतात आणि समोरच्या पेशंटला कसं ऐकायचं ते त्यावरून ठरवतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी या लेखांचं इंग्रजी बघते. 'हे लोक' म्हणजे खाडीकाठचे कोळी. नवरा खाडीत बुडालेली एक बाई डॉक्टरांकडे यायची. तिच्या परवानगीने तिचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ते इंग्रजीत मी आणलं होतं. लेखाचा निष्कर्ष असा, की या समाजाला दुःख मनात धरता येत नाही. तो फक्त शरीराची तक्रार करतो.

पुरावा म्हणून त्या बाईच्या तोंडचं एक वाक्य. छातीत जड वाटतं.

डोंबिवलीला घरी प्रूफ वाचताना मी तिथे थांबले. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. बाई म्हणत होती, "माझे छातीन जालं गुतलंय. खेचलं त फाटल, सोरलं त मीच बुरन."

जाळं. ओढलं तर फाटेल, सोडलं तर ती स्वतः बुडेल.

ही बोली मला कुणी समजावून द्यावी लागत नाही. माझी आई याच बोलीत कल्याणच्या बाजारात मासे विकायची. हो, तुमची पणजी. तुम्हाला मी 'तिचा छोटा व्यवसाय होता' असं सांगत आले. इंग्रजी शाळेत गेल्यावर मी पहिली कुठली गोष्ट टाकली असेल, तर तिची बोली.

त्या बाईचं जाळंही मी तसंच टाकून दिलं. घाईत नाही, अनवधानाने नाही. लाज वाटली म्हणून. वाचायला बरं दिसेल असं इंग्रजी केलं. तिला मन नाही, हे डॉक्टरांच्या आधी मी लिहिलं होतं.

फोन केला. "डॉक्टर, ते भाषांतर मी खोटं केलंय. बदलायला हवं."

"काकू, आता? ते बदललं तर लेखच पडतो. तुम्ही इंग्रजी बघा, मनाचं आम्ही बघतो ना."

"मी त्यांच्यातलीच आहे. कोळ्याची मुलगी."

 पलीकडून हसू. "काय सांगता! वाटत नाही हो अजिबात."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. दर वेळी सुखावले. सासूबाईंच्या तोंडून तर बक्षिसासारखं झेललं. त्या दिवशी ते कानाखाली बसलं.

"वाटायला हवं होतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

जर्नलच्या संपादकांना सगळं लिहून कळवलं. बाईचे मूळ शब्द, खरं भाषांतर, आणि खोटं कुणी केलं तेही. त्यांचं उत्तर नाही. डॉक्टरांकडून मला मिळणारं काम बंद झालं. त्या बाईची माफी मागता येत नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही, पेशंटचं नाव मला ठाऊक नसणंच योग्य. त्यामुळे हे ओझं उतरणार नाही. उतरूही नये.

लेख तसाच छापला, तर त्याच जर्नलमध्ये मी त्याच्याविरुद्ध लिहिणार. माझी लबाडी न झाकता. माहेरच्या आडनावाने.