बाई रानशेतला गेल्या असतील

चारोटीच्या नाक्यापासून थोडं आत आमची ख्रिस्ती मंडळी भरते. मंडळी म्हणजे पत्र्याची एक खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी आणि रविवारी येणारी मोजकी घरं. उपासना चालवणारे पाळक तरुण आहेत, आठवडाभर मुलांच्या शिकवण्या घेतात. मी मूळची नगरकडची. तलासरीच्या शाळेत नोकरी झाली, यजमान गेले तेव्हा त्यांना इथेच माती दिली. मुलगी परदेशात असते. निवृत्त झाल्यावर नगरला परत जावं असं तिथे कुणी उरलं नव्हतं, म्हणून नाक्याजवळ एक खोली घेऊन राहिले. इथल्या लोकांनी मला आपलं मानलंय, असं मी मुलीला फोनवर सांगते. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

उपासनेनंतर आमच्याकडे प्रेमभोजन असतं. भात, डाळ, कधी सुक्या बोंबलाची चटणी. त्यात एक रीत आहे. ज्याची खुर्ची रिकामी दिसेल, त्याच्या घरी डबा जातो. नुसता पोचवायचा नाही, जरा टेकायचं, काय झालं विचारायचं. ही रीत मीच पाडली. हळूहळू मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही डबे जायला लागले. सुरुवातीला सगळे उत्साहाने निघायचे. मग कुणाची रिक्षा, कुणाची भातलावणी, कुणाची पोरं. आणि डबे माझ्या हातात आले. मी गीत संपायच्या आतच निघते म्हणून माझी खुर्ची दाराशी. स्वयंपाक सांभाळणारी आमची ताई हसून म्हणते, "बाईंच्या पायाला भिंगरी आहे." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

रानशेत गावात मी जिच्याकडे डबा नेते ती म्हातारी मंडळीतली नव्हे. तिचे देव वेगळे, ते तिच्या घराच्या कोपऱ्यात आहेत आणि तिथे ते बरे आहेत. मुलगा कामासाठी वापीला, सणावारी येतो. तिचं कमरेखालचं अंग चालत नाही. शेजारीण सकाळ-संध्याकाळ बघून जाते, बाकी दिवसभर ती खाटेवर. मी डबा उघडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करते, तेव्हा तीही मिटते. "तू तुझ्या देवाला सांग, मग जेवू," म्हणते. मग आम्ही दोघी जेवतो. तिच्याकडे मी जरा जास्तच वेळ रेंगाळते.

त्या रविवारी मी तापाने फणफणले होते. उठवेना. फोन उशाशीच होता, पाळकांना कळवणं काही अवघड नव्हतं. पण माझ्या नाकावर राग असतो. म्हटलं, नाही कळवणार. बघू, माझी खुर्ची कुणाला दिसते का. मी एवढ्यांच्या दारात गेले, आता माझ्या दारात कोण येतं ते बघायचंच. जेवणाची वेळ झाली तशी मी उठून दाराची कडी काढून ठेवली, केस सारखे केले, एक खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि परत आडवी झाले. बाहेर कुणाची चप्पल वाजली की मी उशीवरून मान उचलायचे. चपला पुढे निघून जायच्या. ऊन उतरलं, गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकचे आवाज वाढले, आणि कडी मी उठून परत लावली. इतकं एकटं मला यजमान गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. ताईचा. मी इतक्या घाईने उचलला की हातातून पडलाच.

"बाई, रानशेतचे दोन्ही डबे येताना घेऊन या हं. बुधवारी लागणार आहेत."

"दोन्ही?"

"तुमचापण पाठवला ना. खुर्ची रिकामी दिसली, तर पाळक म्हणाले, बाई रानशेतला गेल्या असतील परस्पर. आमच्या यांनी रिक्षाने दोन्ही डबे म्हातारीकडे नेऊन दिले. मिळाला ना?"

म्हणजे खुर्ची दिसली होती. पण रिकाम्या खुर्चीचा अर्थ माझ्या बाबतीत मी आजारी असा लागतच नाही, दुसरंच कुणीतरी आजारी असा लागतो. "आणते," म्हणाले आणि फोन ठेवला. मला हसू यायला हवं होतं. मी चिडले, म्हातारीवरसुद्धा चिडले, जिने माझ्या वाटणीचं जेवण खाल्लं असेल.

ताप उतरल्यासारखा वाटला तशी शेअर रिक्षाने रानशेतला गेले. दोन्ही डबे खाटेखाली होते. उचलले तर जड. झाकण काढलं तर डाळ आंबून वास मारत होती.

"हे काय? जेवली नाहीस?"

"तो रिक्षावाला बोलला, बाय मागून येते. मी थांबले." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अंधार पडला तरी नाय आलीस. शेजारणीला बोलले, बायला कायतरी झालंय. ती बोलली, बायला काय होतंय! कुठं होतीस?"

"घरीच. जरा ताप होता."

"हिकडं ये."

मी खाली वाकले. तिने खरखरीत हात माझ्या कपाळावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"अजून हाय," ती म्हणाली. "कोण होता तुझ्याजवळ?"

इतक्या घरांत इतक्या माणसांना मी हा प्रश्न विचारला असेल. मला तो कुणी विचारला नव्हता.

"कुणी नाही," मी म्हणाले.

हातांवर जोर देऊन, आपले न हलणारे पाय एकेक करून ओढत ती भिंतीकडे सरकली. दम लागला तिला. मग मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटून म्हणाली, "पड हितं."

मी पडले, आणि तिच्याकडे पाठ करून रडले. तिने मला रडू दिलं.