कोल्हापूर टॉवरचा आवाज

माईकचं बटण दाबण्याआधी तो डाव्या हातानं शर्टाची कॉलर सरळ करायचा. समोर बघायला कोण होतं? वर कुठंतरी वैमानिक, खाली मोकळी धावपट्टी आणि पलीकडं नुसतं गवत. मी हसलो की म्हणायचा, "आता मी बोलणार न्हाय, कोल्हापूर बोलणार हाय. मग नीट नको व्हय?"

तो आमच्या विमानतळावरचा हवाई वाहतूक नियंत्रक आणि मी रेडिओ संच सांभाळणारा तंत्रज्ञ. तो वर काचेच्या खोलीत, मी खाली यंत्रांच्या खोलीत. नवीन माणूस रुजू झाला की हा स्वतःहून शिकवणी सुरू करायचा. "गाव आधी, काम मागनं," हे त्याचं पालुपद. रेडिओवर नियंत्रकाचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही. आधी गावाचं नाव, पुढं कामाचं. धावपट्टीवर नजर ठेवून विमान उतरवणारा तो टॉवर, लांबून जाणारी विमानं सांभाळणारा तो कंट्रोल. म्हणून आम्ही कोल्हापूर टॉवर आणि ते मुंबई कंट्रोल. खुर्चीत पाटील बसो की कांबळे, वैमानिकाला फरक पडत नाही.

एकदा बोलणं जुळलं की गाव गाळून नुसतं टॉवर म्हटलं तरी चालतं. हा मात्र गाळायचा नाही. म्हणायचा, "कुठली कुठली माणसं आपल्या गावाचं नाव घेत्यात. सोडू कशाला?"

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, जी आपलं काम घरापर्यंत नेतात. हा मुरगूडचा. दुपारी बायकोला फोन लावायचा तो असा: "मुरगूड किचन, कोल्हापूर टॉवर. आज भाजी काय?" वहिनीही काही कमी नव्हत्या. "किचन बंद हाय. येताना भाजी घेऊन या, मग सांगते." फोनवरचा त्याचा आवाज खालपर्यंत ऐकू यायचा. भरदार, स्वच्छ आवाज. त्याच्याकडं मिरवण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी वरून त्याचा निरोप आला. "माईक बिघडलाय. वैमानिक परत परत विचाराय लागलाय." मी माईक बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी वायर बदलली, हेडसेट बदलला. तिसऱ्यांदा सगळा संच तपासून म्हणालो, "यंत्राला काही झालेलं नाही." तो भडकलाच. "मग काय मला झालंय व्हय?"

माझ्या जागी दुसरा कुणी तंत्रज्ञ असता तरी त्यानं तेच केलं असतं. आवाज फाटला की आम्ही लोक आधी संच उघडतो. गळ्याकडं कोण बघतो?

आमच्यात रेडिओची चाचणी घ्यायची एक पद्धत आहे. एकानं बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं आवाज किती समजला याचा आकडा सांगायचा. पाच म्हणजे अगदी स्वच्छ. त्या दिवशी तो वरून बोलला आणि मी खाली ऐकत होतो. "तीन," मी म्हणालो. त्यानं पुन्हा बटण दाबलं. मग घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "खरं सांग की रं." मी म्हणालो, "दोन."

तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःच माईक सोडला.

गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, लवकर काढलं तर जीव वाचेल. याला ते पटेना. हळद झाली, मध झाला, ज्येष्ठमध झालं, कुणीतरी सांगितलेला काढा झाला. तपासणीची तारीख आली की कामाचं निमित्त काढायचा, आणि काम तर त्याला आता कागद हलवण्याचंच होतं.

शेवटी वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमचं ऐकत्यात ते. पाया पडते, त्यास्नी दवाखान्यात न्या." मी मुरगूडला गेलो, गोड बोललो, भांडलो, शिव्याही दिल्या. तो भिंतीला टेकून ऐकत होता. मग कुजबुजल्यासारखं म्हणाला, "मुकं हून जगायचं व्हय? नुसतं बघत बसायचं?" वहिनी दारातून ओरडल्या, "बसा की! नुसतं बसा माझ्यासमोर! मी बोलीन दोघांचं!"

तो तयार झाला, पण श्वास अडकायला लागल्यावर. तोवर गाठ पसरली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि मान हलवली. मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्या उशाशी बसूनही मी त्याच्याशी धड बोललो नाही. मग बोलायला तो राहिलाच नाही.

काही दिवसांनी वहिनी विमानतळावर आल्या. म्हणाल्या, "मोबाईलमदी हाय तो बिघडल्यावरचा आवाज हाय. लग्नाच्या सीडीत नुसता बँड. तुमच्याकडं टावरातलं सगळं बोलणं रेकॉर्ड व्हतंय म्हणायचे. मला त्यांचा चांगला आवाज पायजे."

रेकॉर्ड होतं, हे खरं. पण ठरावीक मुदतीनंतर जुन्या बोलण्यावर नवं बोलणं चढतं. एखाद्याच्या पाळीत अपघात झाला, काही चुकलं, तर तेवढा भाग चौकशीसाठी काढून जपतात. मी तरीही साहेबांची परवानगी काढून सगळं धुंडाळलं. वहिनी शेजारी हात जोडून बसल्या होत्या. त्याचं एक वाक्यही कुठं नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याच्या पाळीत कधी काही वाईट घडलंच नाही. म्हणून काही ठेवलेलं नाही."

वहिनींनी जोडलेले हात सोडले. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "एकदा तरी चुकायचं की हो."