एव्हर्टची माणसं

होर्न गावात एव्हर्ट विब्रांट्सची ओळख गायींचा चित्रकार अशी होती. तरुणपणी तो माणसांची चित्रं शिकायला गेला होता. दोन वर्षांनी गुरूंनीच हात टेकले. "बाबा रे, तुझी माणसं रवंथ करतात. तू सरळ कुरणात जा."

एव्हर्ट फणफणत गेला, पण गायींनी त्याला तारलं. शेतकरी चित्रातली आपली गाय ओळखत, तिला नावानं हाकाही मारत.

पंचवीस वर्षं बरी गेली. मग गावातला माणसं रंगवणारा एकुलता एक चित्रकार वारला, आणि नगराध्यक्ष रायनौट ओपमेर दारात उभे राहिले. गळ्यात ताटाएवढी पांढरी झालर.

"मला माणसं जमत नाहीत, साहेब."

"विनय पुरे," म्हणत ते खुर्चीत बसलेसुद्धा.

चित्र झालं. एव्हर्टची बायको मख्तेल्ट वाटाण्याचं सूप ढवळायचं सोडून बघायला आली. "अहो, यांना कुणीतरी गवत घाला!"

"डोळे जरा मोठे झालेत, इतकंच."

"आणि तो जबडा? आता हंबरतील बघा!"

एव्हर्टनं जबडा तीनदा खरवडला. दर वेळी तो आणखीच तृप्त दिसू लागला. शेवटी एव्हर्ट बायकोला म्हणाला, "बोचकं बांध. तुझ्या भावाकडे जाऊ."

बोचक्याला गाठ बसायच्या आत नगराध्यक्ष आले. सोबत त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई, हिलेगोंट. म्हातारीनं चित्राला नाक टेकेपर्यंत पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"रायनौट, अरे, हे तर तुझे बाबा! जेवताना माझ्यासमोर अस्सेच बसायचे!"

नगराध्यक्षांनी उघडलेलं तोंड मिटलं. आईपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती. चित्र नगरभवनात लागलं, आणि वर्षभरात सगळ्या सभासदांना तस्संच हवं झालं. "तो भारदस्तपणा आमच्यातही उतरू द्या हं!"

पुढे म्हातारी स्वतःच चित्रासाठी बसायला आली. "एकही सुरकुती गाळलीस तर बघ," असा दम देऊन उन्हात गाढ झोपली. एव्हर्टनं तिला तशीच रंगवली, टोपी कललेली, ओठ किंचित उघडे. ते चित्र मख्तेल्टनं स्वयंपाकघरात टांगलं आणि कितीतरी वेळ त्यासमोर उभी राहिली.

नगराध्यक्षांचा माणूस चित्र न्यायला आला. तिनं त्याला दारातूनच परतवलं. "रंग ओला आहे अजून."

नऊ वर्षं ती हेच सांगत होती.