धवलारीण आणि तिचा वैल

सर्व आप्तेष्टांस, हितचिंतकांस आणि गिऱ्हाइकांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो, की आमच्या डोंबिवलीतल्या दुरुस्तीच्या दुकानातला मोठा कॉम्प्युटर विवाहित आहे. वधू उंचीने कमी, अंगाने किरकोळ आणि स्वभावाने संथ. मांडव दुकानातच पडला, हळद लागली, देवांना नावानिशी आवतण गेलं. घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "सून गुणी दिसते. चालू करून आंघोळ उरकून यावं, तरी घुंघट वर करत नाही."

हे लग्न लावलं बामाआजीने. शीळफाट्याजवळच्या एका गावची ती धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडते ती धवलारीण. ती एक ओळ म्हणते, भोवतीच्या बायका तीच ओळ मागून म्हणतात, आणि ओळीओळीने लग्न पुढे सरकतं. बामाआजी थोराड बांध्याची होती, आवाजाने त्याहून थोराड. मांडवात तिच्यापुढे कोणी पंखासुद्धा विचारल्याशिवाय लावत नसे. आज ती नाही, तरी दुकानाच्या पायरीवर कोणी चपला जरा जोरात काढल्या, की मी अजून सावरून बसतो.

पहिल्यांदा आली ती भाजीची पिशवी घेऊन. मेथीच्या जुडीखालून तिने एक छोटासा लॅपटॉप काढला. नात प्राचीने नवा घेतल्यावर टाकून दिलेला.

"ह्याच्यान माझा आवाज भरून दे, बाला."

गिऱ्हाइकाला शहाणं करायची मला वाईट खोड. मी प्रवचन लावलं. आजी, हे खेळणं आहे. स्वस्तातलं. घरात एक चांगला असताना असला दुसरा कशाला ठेवायचा? दोन कामं एकदम दिली तर हा डोळे पांढरे करतो.

तिने सगळं ऐकून घेतलं, मेथीची पानं झटकली आणि विचारलं, "तुझ्या गावाला चूल व्हती का रं?"

"होती की."

"मंग वैल बघितलाच असशील."

बघितला होता. चुलीला लागून असतं ते दुसरं, लहान तोंड. त्याला स्वतःचं लाकूड नसतं, चुलीच्याच आगीवर ते गरम राहतं.

"वैलावर भात शिजत नाय," बामाआजी म्हणाली. "पन चुलीवरचं उतरलंस, त ऊन ठेवशील कुठं?" मग तिने कपाळावर बोट ठेवलं. "ही माझी चूल. आता इझाया लागली रं. शिजलाय त्यो वैलावर ठेवाचा हाय."

गोष्ट अशी होती, की मागच्या एका लग्नात देवांना बोलावताना तिच्याकडून गावदेवी सुटली. बायकांच्या लक्षात आलं. त्यातच वऱ्हाडाची गाडी शीळफाट्यावर अडकली, आणि ठपका आजीवर आला.

"आजी, शीळफाट्यावर गाडी रोजच अडकते," मी म्हणालो.

"तुझी अडकते. तू गावदेवीला कवा बोलावलीयस?"

पण त्या दिवसापासून तिची नणंद चांगुणा उघड बोलू लागली होती, की प्राचीच्या लग्नाला दुसरी, तरुण धवलारीण आणा. प्राचीला आजीने आईविना वाढवलेली. गावातल्या सगळ्या पोरींना सासरी पोचवायचं आणि स्वतःच्या नातीच्या मांडवात पाहुणी म्हणून सरबत प्यायचं, हे तिला सोसणार नव्हतं. "प्राचीचा धवला मीच गाईन," ती म्हणाली. "मधी थांबलू, त मंग कवाच नाय गानार."

आवाज भरायला बसलो आणि नवी पंचाईत. आजी गाईचना. तिचा स्वतःचा कडक नियम होता: लग्न असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही.

"देवाला आवतन दिलं नि देव आला. लगीन कुठं हाय, इचारलं, त काय तुझं बिल दाखवू?"

त्यावर तोडगा तिनेच काढला. दुसऱ्या दिवशी हळद, तांदूळ आणि आंब्याचा डहाळा घेऊन हजर. काउंटरवरचा मोठा कॉम्प्युटर नवरा, तिचा छोटा नवरी. मी मुलाकडचा. प्रिंटरला करवली करायचं माझ्या मनात होतं, पण आजीच्या नजरेने ते तिथेच राहिलं. तिने दोन्ही यंत्रांना हळदीचं बोट लावलं, डोळे मिटले आणि गायला लागली.

ती दुपार मला अजून नीट आठवत नाही, म्हणजे जागेपणी आठवावी तशी आठवत नाही. बाहेर रिक्षा होत्या, मोबाइलची कव्हरं विकणारा ओरडत होता, पण ते सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. आजी एकेका देवाला हाक मारत होती. डोंगरावरच्या, खाडीकाठच्या, भराव टाकून बुजलेल्या शेतांच्या बांधावरच्या. जिथे आता टॉवर उभे आहेत तिथल्या देवांनासुद्धा ती जुन्याच वाटेने बोलावत होती, आणि मला वाटलं ते निघालेसुद्धा असतील, ओल्या पायांनी, भातखाचरांतून. दुरुस्तीला आलेल्या मशिनांचे हिरवे दिवे फळीवर लुकलुकत होते. एक गिऱ्हाईक दारात आलं आणि चपला काढून तिथेच बसलं.

प्राचीच्या हळदीला आजीने मला मागे बसवलं. छोटा लॅपटॉप पिशवीत, त्याची वायर पदराखालून आजीच्या कानात. तिचाच आवाज तिला एक ओळ आधी सांगणार, ती मोठ्याने म्हणणार. मोठा लॅपटॉप असता तर मांडवभर दिसला असता. हा पिशवीत सुपारीच्या डबीशेजारी मावला होता.

सगळं झकास चाललं. चांगुणाबाई समोरच बसलेली, एकेक देव मोजल्यासारखी ओठ हलवत. आजीने गावदेवीला हाक मारली, अगदी ठासून. मग प्राचीच्या गालाला हळद लावायला ती पुढे वाकली, वायर ताणली आणि सुटली.

आजी थांबली. पुढची ओळ नव्हतीच तिच्याकडे. आणि पिशवीतून तिचाच आवाज, बारीक, डब्यातून आल्यासारखा, मांडवभर गाऊ लागला. मी पिशवीत हात घातला, पण बंद करायचं बटण सापडेना. आजीचा हळदीचा हात हवेत तसाच. एवढी थोराड बाई, पण प्राचीपुढे ती एकदम लहान दिसायला लागली.

धवला शेवटपर्यंत झाला, हे आताच सांगून टाकतो. सगळ्या बायकांनी म्हटला, आजीनेसुद्धा. जन्मात पहिल्यांदा ती मागून म्हणणाऱ्यांत बसली, प्राचीचा हात धरून, डोळे मिटून. पुढारपण पिशवीकडे होतं. पण त्याआधी एक क्षण मांडवातल्या सगळ्या चांगुणाबाईकडे बघत होत्या. तिने पिशवीकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि एकदम खेकसली:

"अगो बामा, गप का बसलीस? तुझ्याच मागं म्हनाचं हाय ना, मंग म्हन की!"