मामींचं गाणारं पोरगं

जगात कुठंही कुणावर अन्याय झाला की तो सर्वांत आधी सांगलीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या मामींना लागतो. त्यांची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा संताप चार घरं पलीकडेही स्पष्ट ऐकू येतो. काही वर्षांपूर्वी हा सगळा संताप एका माणसाच्या सेवेला लागला. माणूस कसला, टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत उतरलेला, मामींच्या माहेरचा, पाटणकडचा मुलगा. मिसरूडही न फुटलेला. कपाळावर केसांची झुलपं, आवाज वरच्या पट्टीत जाऊन तिथंच मुक्काम करणारा. शाळकरी मुली त्याच्यावर फिदा होत्या. मामी त्याच्या बाजूनं भांडत होत्या.

कार्यक्रमाच्या वेळी गिरणी बंद. दळण घेऊन कुणी आलंच तर डबा खाली ठेवून मामींसोबत टीव्हीसमोर बसायचं आणि परीक्षकांना नावं ठेवायची. एक परीक्षक म्हणाले, श्वास कमी पडतो. मामी पडद्याजवळ जाऊन त्यांना म्हणाल्या, "आमच्याकडचा घाट चढून दाव आधी, मग श्वासाचं बोल." शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना मुलगा नाकात गातो असं वाटलं आणि ते तसं बोलले, तर त्यांचे गहू न दळता परत गेले. "आवं, ज्यास्नी गाण्यातलं कळत न्हाई त्यास्नी पीठ कशाला पायजे?" हा मामींचा तर्क. सर्वांत हाल मामांचे. फोनवरून मत देताना त्यांचं बोट घसरलं आणि मत नागपूरच्या मुलीला गेलं. पोरगं तिसरं आलं. त्याचा पहिला नंबर त्या एका मतानंच हुकला असं मामी आजही मानतात. पुढं बरेच दिवस भाजी अळणी असली तरी मामा निमूट जेवत होते.

त्यानंतर दीडेक वर्षानं त्याचा साताऱ्यात कार्यक्रम ठरला. मी साताऱ्यात राहते, म्हणून मामी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन एसटीनं माझ्याकडं आल्या. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मुलगा आला तो उंच झालेला, ओठांवर काळसर रेघ. ज्या गाण्यानं त्याचं नाव झालं तेच त्यानं सुरू केलं, आणि वरच्या सुरावर त्याचा आवाज टर्रकन फाटला. मागच्या पोरांनी हुर्यो केली. त्यानं पुन्हा सूर लावला, पुन्हा फाटला. आता शिट्ट्या सुरू झाल्या. मामी उभ्या राहिल्या. त्यांना माइक लागत नाही.

"गप बसा. वयात येतंय पोरगं, घसा फुटणारच. तुमचा फुटला तवा कोण शिट्ट्या मारत हुतं का?"

शिट्ट्या थांबल्या. मग त्या त्याच्याकडं वळल्या. "आणि तू रं, कशाला एवढा वर चढतोस? खालनं गा. आमी हाय बसल्यालो."

त्यानं पेटीवाल्याकडं बघितलं आणि पट्टी उतरवून गाणं शेवटपर्यंत म्हटलं. फार चांगलं झालं असं नाही, पण शिट्टी मारायची कुणाची टाप नव्हती.

नंतर आम्ही रंगमंचामागं गेलो. तो एका स्पीकरच्या खोक्यावर मान खाली घालून बसला होता. मामींनी डबा हातात दिला. तो म्हणाला, "काकी, टीव्हीवालं आता बोलवत न्हाईत." मामींनी डब्याचं झाकण उघडून एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. घरी येताना मात्र टीव्हीवाले, रिक्षावाला आणि माझ्या घराचा जिना, कुणीच त्यांच्या तोंडून सुटलं नाही.

गेल्या लग्नसराईत विट्याच्या एका लग्नात तो ऑर्केस्ट्रात गात होता. दाढी राखलेली, खांदे भरलेले, आवाज खाली उतरून छान जाड झालेला. लोक हातातली ताटं घेऊन ऐकायला येत होते. मामी खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या आणि मधूनच मागं वळून बघत होत्या. कुणी हसत नव्हतं. गाणं संपलं, टाळ्या पडल्या.

"मामी, भेटू या ना त्याला," मी म्हटलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "चांगला बाप्या झालाय. आता त्याला कोण काय म्हणतंय."

आणि त्यांनी पुन्हा एकदा मागं वळून बघितलं.