सयाजीनं बसवलेलं विमानाचं झाकण

कासारवाडीत आमच्या आणि सयाजीच्या घरात एकच भिंत. वीस वर्षांपूर्वी त्या भिंतीपलीकडून ऐकलेलं भांडण मला अजून आठवतं. त्याची बायको दुर्गाबाई म्हणत होती, "रिक्षावाला म्हणतोय वरून पुट्टी थापून द्या, तर द्यायची थापून. तुमच्या बापाची रिक्षा हाय का?"

"टप बसतच न्हाई तर पुट्टी काय करंल? पावडर लावून वाकडं नाक सरळ होतंय व्हय?"

"नाकाचं मला नका सांगू. तुमचंच नाक बघून फसले मी."

सयाजी लातूरकडचा. फायबरचं काम करायचा, रिक्षाचे टप, बसचे बंपर. त्यानं जोडलेला सांधा शोधून सापडायचा नाही. असल्या हाताचं नाव एका शिकलेल्या माणसानं घालवलं, म्हणून हे लिहायला बसले.

संत तुकाराम नगरातले मधुसूदन साहेब निवृत्त झाल्यावर चाकणच्या एका शेडमध्ये स्वतः विमान बांधत होते, दोघांना बसण्यापुरतं. इंजिनावरचं फायबरचं झाकण बसवायला त्यांनी सयाजीला बोलावलं. विमान बघायची मला हौस, म्हणून एकदा डब्याचं निमित्त करून मीही गेले. सयाजीनं पंख्यापुढचं टोपरं झाकणापेक्षा रुपयाच्या जाडीएवढं वर ठेवलं होतं. साहेबांचा मुलगा सलिल म्हणाला, "काका, हे वाकडं दिसतंय."

"दिसू द्या. इंजिन रबरावर बसलंय. वजनानं रबर दबंल, मग टोपरं बरोबर खाली येईल. टेम्पोतबी तसंच होतं."

"हे विमान आहे काका, टेम्पो नाही."

सयाजीनं तीनदा सांगितलं. मी मोजलं.

सलिलनं कासारवाडीच्याच गॅरेजमधली दोन पोरं आणली, झाकण आणि टोपरं एका रेषेत करून घेतलं, वर चकचकीत रंग मारला. पोरांना म्हणाला, "काकांचा हात आता थरथरतो." आठ दिवसांत ते सगळ्या वस्तीत झालं आणि सयाजीकडे येणारी कामं थांबली. थरथरतो म्हणे. माझ्या सुईत दोरा तोच ओवून द्यायचा.

चार महिन्यांत रबर दबलं. इंजिन चालू केल्याबरोबर टोपरं झाकणाला घासलं आणि रंगाची सालपटं निघाली. साहेबांचा फोन आला. दुर्गाबाई म्हणाली, "आधी त्या पोरांसमोर खरं बोला म्हणावं." ते ऐकायला मी मुद्दाम सयाजीसोबत गेले. पोरं तिथंच उभी होती.

सलिल काय म्हणाला? "काका, तेव्हाच नीट समजावून सांगायचं होतं."

"तीनदा सांगितलं, बाळा. मी इथंच होते," मी म्हणाले. त्यानं मोबाइलात डोकं घातलं. पोरं चहाला गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, "सयाजी, चूक आमचीच." बदनामी चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात. ही कुठली रीत?

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "सोड ते काम. त्यांचं ते बघतील."

"वर गेल्यावर झाकण उडालं तर आत दोन माणसं असतील, मावशी. माझं नाव काय, ते जमिनीवरच पडलंय."

त्यानं झाकण पुन्हा कापलं, जोडलं, बसवलं. सलिलनं त्या पोरांना खरं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढं एका शनिवारी छातीत कळ येऊन सयाजी गेला.

त्याआधीच्या गुरुवारी झाकणावरून शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. सयाजीनं सकाळी पिंपरीतून वॉटर पेपर घेतला, चाकणची बस धरली, झाकणाची कड पाणी घालून घासली. अंगठा फिरवून पाहिला. दोन जागा मनाला आल्या नाहीत, त्या परत घासल्या, फडक्यानं पुसल्या आणि संध्याकाळच्या बसनं घरी आला.